निळ्या फडक्यातला डबा

‘आंटी, पेरेंट्स तिकडं,’ असं म्हणत त्या मुलीनं माझं कोपर अलगद धरलं आणि मला रांगेतून बाहेर काढलं. तिच्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र होतं, ओठांवर शिकवून बसवलेलं हसू होतं. माझी पोरगी उर्वशी रांगेतच राहिली. मी पोस्टात काउंटरवर बसते. रांगेतून लोकांना बाहेर काढायचं काम गेली कित्येक वर्षं माझं आहे. आधार नाही, बाजूला व्हा. पेन नाही, बाजूला व्हा. माझ्यावर ही पाळी कधी आली नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या रांगेत मी उर्वशीची आई म्हणून उभीच नव्हते. फाटकातून आत आलो, कॉलेज पाहायला आलेल्या मुलींची रांग दिसली आणि पाय आपोआप तिकडं गेले. हातात पर्स होती ती मी पुस्तकांसारखी छातीशी धरली होती, हेसुद्धा मला त्या पोरीनं कोपर धरल्यावर कळलं. आधी हसू आलं. मग राग आला. मग ‘पालक कक्ष’ अशी पाटी असलेल्या थंडगार खोलीत जाऊन बसले. तिथं आधीच काही आईबाप बसले होते, मांडीवर पिशव्या आणि पिशव्यांवर हात. आता आपल्याला कुणी काही विचारणार नाही, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला तिथं पाच मिनिटंही बसवेना.

उर्वशीचा पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजात बी.एस्सी.ला नंबर लागला होता. विषय संख्याशास्त्र. सीट घ्यायची की सोडायची हे उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. या एका गोष्टीवरून आमच्या घरात आठवडाभर जेवणं थंड झाली होती. माझं म्हणणं एवढंच, की संख्याशास्त्र यवतमाळातही शिकवतात आणि पुण्याचे आकडे काही वेगळे नसतात. त्यात तिथलं होस्टेल भरलेलं, म्हणजे खोली शोधून राहायचं. खोलीचा विषय निघाला की मी उठून भांडी आवरायला लागायचे. राजदीप, माझा नवरा, महावितरणात आहे. गावाची वीज गेली तर तो बोलतो, घरात वाद झाला तर बोलत नाही. तो पेपरच्या आडून एकदाच म्हणाला, ‘जाऊ दे ना तिले.’ मी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं पेपर आणखी वर धरला. शेवटी मी उर्वशीला म्हणाले, ‘मले फक्त एक दिवस दे. इथली दोन कॉलेजं पाहून घे नीट. मंग जा कुठं जायचं तं.’ ती इतक्या पटकन हो म्हणाली की मला वाटलं, अर्धं काम झालं. मी पोस्टातून रजा काढली. इतक्या वर्षांत लग्नाकार्याशिवाय रजा न काढणारी मी, पोरीला गावात ठेवून घ्यायला रजा काढून स्कूटीवर बसले.

पालक कक्षातून मी सटकले आणि त्या मुलींच्या मागून चालू लागले. इमारत काचेची, फरशी अशी की पाय ठेवायला भीती वाटावी. ती ओळखपत्रवाली मुलगी प्रत्येक दारापाशी थांबून ‘ही आपली स्मार्ट क्लासरूम’ असं म्हणायची आणि आम्ही सगळे आत डोकावून मान हलवायचो. चांगलं होतं सगळं, नावं ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. पण कुठं वासच नव्हता. प्रयोगशाळेला गॅसचा वास नाही, ग्रंथालयाला पुस्तकांचा नाही, मुतारीलासुद्धा फक्त लिंबाचा. मी मनाशी ठरवलंच होतं की हे कॉलेज उर्वशीला आवडलं तर आवडलं, नाही तर त्याच्यापुढं माझं जुनं कॉलेज उठून दिसेल. पोस्टात मी असंच करते, आधी महाग योजना सांगते, मग हवी ती. लिफ्टमध्ये उर्वशीनं मला डोळा मारला. ‘मम्मी, तुह्या कॉलेजात लिफ्ट होती?’

‘आमच्या कॉलेजात जिन्याले कठडा नव्हता,’ मी म्हणाले. ‘पडलो तं लवकर खाली पोचत होतो.’

ती मोठ्यानं हसली. लिफ्टमधल्या इतर मुली आमच्याकडं पाहायला लागले. तिचं हसणं तिच्या आजीवर गेलं आहे, माझ्या आईवर, मथुराबाईवर. तोंडावर हात न घेता, सगळे दात दाखवून. असं हसणं घरातून उठून पुण्याला गेलं तर संध्याकाळी सहानंतर माझ्या घरात ऐकायला काय राहील, फ्रिजचा आवाज आणि राजदीपचं पेपर उलटणं. हा विचार माझ्या मनात लिफ्ट खाली येईपर्यंत होता. दार उघडलं आणि मी तो तिथंच सोडून दिला, कारण मला अजून खूप काम होतं.

माझ्या जुन्या कॉलेजकडं जाताना मी मुद्दाम स्कूटी हळू चालवली. जून संपत आला होता, ढग नुसते येऊन जात होते आणि रस्त्याची धग पायांना लागत होती. उर्वशी मागून विचारत होती, ‘हे तवा होतं का? ते तवा होतं का?’ आणि मी सांगत होते. इथं सायकलचं दुकान होतं, इथं मोकळं मैदान होतं, इथं एक म्हातारा उन्हाळ्यात चारं, म्हणजे चारोळीची फळं, विकायचा, चार आण्यांची पुडी, तोंड जांभळं व्हायचं. कॉलेजचं फाटक आलं आणि माझा आवाज बदलला, मला माझ्याच कानांनी ऐकू आलं. दगडी इमारत तशीच होती, फक्त मला ती लांबरुंद आठवत होती आणि आता एका नजरेत मावली. कडुनिंब होते. त्यातला कोपऱ्यातला मोठा नव्हता. त्या निंबाखाली आमची लोखंडी रुळाची घंटा होती. तिच्यावर टोला पडला की आधी पाखरं उडायची आणि मग आम्ही वर्गातून बाहेर पडायचो. आता कसलीतरी विजेची घंटी वाजली आणि एकही पाखरू हललं नाही. मला उगाच अपमान झाल्यासारखं वाटलं. तरी मी उर्वशीला सगळं दाखवत सुटले. हा वनस्पतिशास्त्राचा वर्ग, इथं चंद्रशेखर सर शिकवायचे. एकदा होळीच्या आधी त्यांनी आम्हाला लोहाऱ्याकडं पळस पाहायला नेलं आणि तिथं गेल्यावर म्हणाले, आज काही शिकवत नाही, नुसतं पाहा. ही प्रयोगशाळा, या टेबलावर माझा हात भाजला होता. ही ग्रंथालयाची खिडकी, इथून पुस्तक मागताना ओरडावं लागायचं आणि ओरडलं की ग्रंथपाल पुस्तक द्यायचे नाहीत. मी बोलत होते आणि खिडकीच्या गजांचा थंडपणा हाताला लागत होता, तोच थंडपणा, गंजाचा वास असलेला. उर्वशीनं माझा हात गजावर असतानाचा फोटो काढला. वर्ग किती मुलांचा, शिक्षक किती, निकाल काय, हे तिनं कुणालाच विचारलं नाही. तिचे सगळे प्रश्न मलाच होते. तू कुठं बसायची? तुझी मैत्रीण कोण? तुला कोणी आवडत होतं का? मला वाटलं, पोरगी रमली.

‘अन् जेवायची कुठं?’ तिनं विचारलं. आम्ही व्हरांड्याच्या पायरीवर बसलो होतो.

हा माझा हुकमाचा पत्ता होता. डब्याची गोष्ट मी तिला तुकड्यातुकड्यानं सांगितली होती, आज अख्खी सांगितली. आमचं घर दिग्रसला, मी यवतमाळात खोली करून राहायचे. माझ्या पोटात दुसऱ्याच्या हातचं अन्न जाऊ नये असा माझ्या आईचा हट्ट, म्हणून माझा डबा रोज पहिल्या एसटीनं यायचा. तेव्हा गावोगावची मुलं अशीच जेवायची. आई पहाटे उठून भाकरी टाकायची, बाबा सायकलवर डबा घेऊन दिग्रसच्या स्टँडवर जायचे आणि कंडक्टरच्या हाती द्यायचे. ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली डब्यांची रांग लागायची. यवतमाळ आलं की कंडक्टर ते स्टँडवरच्या रसवंतीच्या फळीवर मांडून ठेवायचा आणि आम्ही आपापला ओळखून उचलायचो. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. ओळख पटावी म्हणून प्रत्येक आई डब्याला काहीतरी खूण करायची. माझ्या आईनं डोकं चालवलं. चौदा एप्रिलच्या जयंतीला मंडपाच्या पताका शिवून उरलेलं निळं कापड घरात होतं. निळ्या फडक्यात बांधला की माझ्या दीपाचा डबा कोणाच्या डब्यात मिसळणार नाही, असं ती बाबांना मोठ्या ऐटीत म्हणाली होती. आता जयंतीचं कापड काय आमच्याच घरी उरलं होतं? दिग्रसहून, वाटेतल्या दारव्ह्याहून, खेड्यापाड्यांतून येणाऱ्या आमच्या सगळ्या घरांतल्या आयांनी तेच डोकं चालवलं होतं. फळीवर पाहावं तर निळंच निळं. बामणाच्या पोरीचा डबा फुलाफुलांच्या रुमालात, मारवाड्याच्या पोराचा पांढऱ्यात, त्यांचे कधी चुकायचे नाहीत. आमचे रोज चुकायचे.

‘मग?’ उर्वशी हसून हसून माझ्या खांद्यावर पडली होती.

‘मंग काय, माह्यी भाकर दारव्ह्याच्या धम्मरत्नच्या पोटात, अन् त्याच्या आईची अंबाडीची भाजी माह्या पोटात. त्याची आई तिखट खाऊच देत नव्हती. मी सपक भाजी खाऊन इकडं जीव देऊन राह्यली अन् तो तिकडं बोंबलाची चटणी खाऊन नाक पुसून राह्यला. संध्याकाळी रिकामे डबे बी चुकीच्या गावाले. आईनं डबा उघडला अन् म्हणे, हे झाकण आपलं नाही. मंग दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम भाजीत तेल-मीठ वाढवून टाकलं, म्हणे, कोणाच्या का लेकराच्या पोटात जाईना, मथुराबाईच्या हातचं कोणी नाव ठेवलं नाही पायजे.’

एवढंच मी सांगितलं. मला वाटलं होतं तशी ती हसली, माझ्या मांडीवर चापट मारली. आणि मी हसत होते तेव्हाच त्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग माझ्या घशाशी आला होता. तो मी कुणालाच सांगितलेला नाही, राजदीपलाही नाही. खोलीची मालकीण चांगली बाई होती, हे आधी सांगायला हवं. दिवाळीत तिनं मला चिवडा दिला होता, तापात माझ्या कपाळावर हात ठेवला होता. एका दुपारी मी डबा ओट्यावर ठेवून हात धुवायला गेले आणि मांजर आलं. तिनं मांजराला हाकललं आणि माझा डबा उचलून घरात ठेवायला निघाली. त्या दिवशी आईनं फडकं बदललं होतं. जुनं विरलं असेल. नवं फडकं पताकेचंच, पण छापाचं. कातरीनं मधूनच कापलेलं, ‘जय भी’ एवढीच अक्षरं राहिलेली. मी ओल्या हातांनी दारात उभी होते. ती ते वाचत होती. मग तिनं डबा खाली ठेवला. टाकला नाही, आपटला नाही, बोललीही नाही काही. फक्त हात पदराला पुसले. मला तो हात पुसण्याचा आवाज अजून येतो, सुती पदरावर ओलसर हात घासल्याचा. संध्याकाळी ती दारात येऊन म्हणाली, ‘पोरी, आमच्या भाच्याचं लग्न ठरलं वं. महिनाअखेर खोली रिकामी करून देशीन का? पाहुणे येतीन.’ इतकं मऊ बोलली की मी ‘हो काकू’ म्हणाले. कुणाचं लग्न झालं नाही, कुणी पाहुणे आले नाहीत. पुढच्या महिन्यात मी त्या गल्लीतून गेले तेव्हा माझ्या खिडकीत दुसऱ्या मुलीची वेणीची रिबीन वाळत होती.

मी सरकारी वसतिगृहात राहायला गेले. तिथं जेवण होतं, म्हणून डबा बंद झाला. आईला मी सांगितलं, कॉलेज जवळ पडते, अभ्यास होते, जेवण बी फुकट. आई म्हणाली, ‘बरं झालं बाई, माह्या मागची कटकट गेली.’ आणि तरीही ती पहाटे उठत राहिली. बाबांनी मला हे फार नंतर सांगितलं, ती गेल्यावर. काही काम नसताना उठायची, चूल पेटवायची आणि चुलीसमोर बसून राहायची. बाबा विचारायचे, काहून उठली? ती म्हणायची, आता सवयच झाली. हे आठवलं की मला त्या मालकिणीचा राग येत नाही, आईची ती बसून राहिलेली पाठ दिसते. मी पुण्याच्या विरुद्ध का आहे हे मी आठवडाभर नाना तऱ्हांनी सांगितलं होतं. प्रवास लांबचा, मेसचं जेवण, दिवसच वाईट. पण खरं कारण हेच होतं. माझी ही सगळे दात दाखवून हसणारी पोरगी कुणाच्या तरी दारात ओल्या हातांनी उभी राहील, आणि मी तिथं नसेन.

‘चल, भूक लागली,’ उर्वशी म्हणाली आणि मला ओढून कॅन्टीनमध्ये घेऊन गेली. कॅन्टीन नवं होतं, प्लास्टिकच्या खुर्च्या, पण आलूबोंडा तसाच होता, वरून तर्री ओतलेला, नाकातून पाणी काढणारा. ती खाताना माझ्याकडं पाहत होती. मी मनातल्या मनात शेवटचं भाषण जुळवत होते: पाहिलं ना, इथं काय कमी आहे, तुझ्या आईची सगळी ओळख इथं आहे, झाडं ओळखीची आहेत. तेवढ्यात ती म्हणाली, ‘मम्मी, एक सांगू? चिडू नको.’

‘सांग.’

‘पुण्याची सीट मी पक्की करून टाकली. परवाच. पप्पाले माहीत हाय.’

आजूबाजूला पोरं ओरडत होती, कुणीतरी टेबल वाजवत होतं. मला आधी फक्त एवढंच सुचलं की आलूबोंडा थंड होतोय. मग संताप आला, असा की कानाच्या पाळ्या तापल्या. ‘मंग आज काहून आली माह्या संग? मी रजा टाकली. सकाळपासून गधडीवानी बोलून राह्यली मी, हे पाय, ते पाय. तू काय तमाशा पाह्यला आलती?’

‘तुले पाह्यला आलती,’ ती म्हणाली. ‘तू म्हटलं ना, एक दिवस दे. मले वाटलं, कॉलेज पाह्यच्या नावानं तरी तू मले तुहं सगळं दाखवशीन. एरवी तू काही सांगतच नाही. आजीचं सांगते, डब्याचं सांगते, अन् मंग मधातच भांडे घासायले जाते.’

मी तिच्याकडं पाहिलं नाही. पोस्टात मला सगळे खवट म्हणतात, माझ्या तोंडाला कोणी लागत नाही, आणि इथं मी आलूबोंड्याचे तुकडे करत बसले. सकाळपासून मी तिला फिरवते आहे असं समजत होते आणि ती मला फिरवत होती. शेवटी मी जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं तेच विचारलं. ‘अन् राहशीन कुठं? होस्टेल तं भरलं.’

‘खोली मिळाली.’

‘अशी बसल्या जागी? कोणी काही इचारलं नाही?’

ती तर्रीतून चमचा फिरवत राहिली. मग तिनं सांगितलं, बातमी सांगावी तसं, आवाज न चढवता. ‘पहिल्या बाई लय गोड बोलल्या. कुठली, काय शिकते, पप्पा काय करतात. मग आडनाव इचारलं. सांगितलं, तं म्हणे, अगं, खोली कालच गेली. मी ऋचाले फोन करायले लावला, माह्या वर्गातली ऋचा. तिले त्याच बाई म्हणे, रिकामीच हाय, केव्हाही येऊन पाहा. दुसऱ्या एकीनं तं आडनाव ऐकून फोनच ठेवला. मंग मी असं केलं, मम्मी, फोन उचलला की पहिलं आडनावच सांगायचं. नमस्ते म्हणायच्या आधी. ज्याले ठेवायचा त्यानं ठेवून टाकावा, माह्यी बडबड तं वाचते.’

‘रडली?’

‘थोडीशी. न्हाणीत. त्या दिवशी तू आंबे आणले होते, अन् मी खाल्ले नाही म्हणून तू मले बोलली.’

मला ते आंबे आठवले. दसेरी होते. नखरे करते म्हणून मी तिला खरंच बोलले होते. माझ्या घरात, माझ्यापासून दहा पावलांवर, नळ सोडून माझी पोरगी रडली होती आणि मी आंबे कापत होते. मी डोळे पुसले नाहीत, तर्रीचं निमित्त होतंच. आणि मग मी तिला ते सांगितलं. मालकीण, मांजर, अर्धं कापलेलं कापड, पदराला पुसलेले हात, न झालेलं लग्न, सगळं. तीस वर्षं जे घशाशी येऊन परत गेलं होतं ते कॅन्टीनच्या गोंगाटात पाच-सात वाक्यांत संपलं, इतकंसं होतं ते.

उर्वशीनं ऐकता ऐकता चमचा बाजूला ठेवला. संपल्यावर म्हणाली, ‘आजीले माहीत होतं?’

‘नाही. तिले नाही सांगितलं.’

‘काहून?’

‘ते फडकं तिनं बांधलं होतं ना. किती प्रेमानं बांधलं होतं. मी सांगितलं असतं तं ती जन्मभर म्हणली असती, माह्यामुळंच लेकीची खोली गेली.’

उर्वशी म्हणाली, ‘मी बी म्हणूनच नाही सांगितलं तुले. आडनाव तं तुमचंच दिलेलं हाय.’

पलीकडच्या टेबलावर एक पोरगा मित्रांना गाणं म्हणून दाखवत होता आणि चुकत होता, मित्र त्याला शिव्या देत होते. मला खूप रडावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी हलकं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. मी विचार करत होते, माझी आई खरंच काही जाणत नव्हती का, की ती चुलीसमोर बसायची तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. आता विचारायला ती नाही. उर्वशी जाणार, हे ठरलं होतं. माझ्या रजेनं, माझ्या निंबांनी, माझ्या गोष्टींनी त्यात काही फरक पडणार नव्हता. आणि मला एवढं कळत होतं की जिची मी इतकी काळजी केली त्या दारातून ती कधीच पलीकडं गेली आहे, एकटी, मला न सांगता. याचं वाईट वाटावं की अभिमान, हे ठरवायला मला वेळ लागणार होता. तूर्त दोन्ही वाटत होतं.

‘कोण हाय ही खोलीवाली?’ मी विचारलं.

‘रजनीताई म्हणून हायेत. एकट्याच राहतात. मी आडनाव सांगितलं तं म्हणे, बरं. रात्री उशीर झाला तर फोन करायचा, अन् पाणी वाया घालवायचं नाही. बस.’

‘नुसतं बरं म्हणल्या?’

‘नुसतं बरं.’

‘लाव फोन.’

‘आत्ता? काय बोलशीन?’ उर्वशी घाबरली. ‘मम्मी, भांडू नको हां. एवढ्या मुश्किलीनं मिळाली.’

‘लाव म्हटलं ना.’

तिनं फोन लावून माझ्या हातात दिला. घंटी वाजत राहिली. मी उठून उभी राहिले, का ते माहीत नाही, बसून बोलता आलं नसतं. पलीकडून एका बाईचा थकलेला आवाज ‘हॅलो’ म्हणाला. मी नमस्तेसुद्धा म्हणाले नाही.

‘मी मुनेश्वर बोलते,’ मी म्हणाले, इतक्या मोठ्यानं की गाणारा पोरगा थांबला आणि आमच्याकडं पाहायला लागला. ‘दीपा राजदीप मुनेश्वर. यवतमाळहून. उर्वशी मुनेश्वरची आई.’

उर्वशीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. माझा श्वास मला फोनमधून परत ऐकू येत होता.

‘हां, हां, उर्वशीच्या आई!’ आवाज म्हणाला. ‘बोला ना मुनेश्वरताई. खोली झाडून ठेवलीय मी. कधी येताय मुलीला घेऊन?’

‘परवा,’ मी म्हणाले. ‘परवाच घेऊन येते तिले.’